तुरुंगातल्या बंद्यांसाठी टपालाने अभ्यासक्रम: करावा का, आणि कोणता?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी.

आम्ही सहा-सात निवृत्त शिक्षक-शिक्षिका. शनिवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतो, पोहे होतात, ‘काहीतरी केलं पाहिजे’ यावर एकमत होतं आणि आपापल्या घरी जातो. यंदा मात्र एक कल्पना गळ्यातच पडली आहे.

नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथल्या बंद्यांसाठी टपालाने चालणारा एखादा छोटा अभ्यासक्रम करावा, असं आमच्यातल्या गणिताच्या बाईंनी सुचवलं. आम्ही धडा पाठवायचा, त्यांनी स्वाध्याय सोडवून पाठवायचा, आम्ही तपासून, शेरे लिहून पुढच्या धड्यासोबत परत करायचा. मोबाइल नाही, ॲप नाही, व्हिडिओ नाही. आमच्यातल्या निम्म्यांना तसंही ते जमत नाही.

असं काही आधीपासून आहे का? असेल तर आम्ही त्यात कुठे बसतो? विषय कोणता घ्यावा? आणि मुळात हे करावं का? शेवटचा प्रश्न माझा नाही. आमच्यातले एक सर हे ऐकून उठूनच गेले. “आयुष्यभर पहिल्या बाकावरच्यांना शिकवलंत, आता एकदम शेवटच्या बाकाच्याही पलीकडे?” म्हणाले.

टवाळ_तात्या

हजेरी शंभर टक्के, वर्गात मोबाइल नाही, मधल्या सुट्टीत कुणी पळून जात नाही. ताई, निवृत्तीनंतर का होईना, स्वप्नातला वर्ग मिळतोय. सोडू नका.

खडू_डस्टर

तात्या, हजेरीचं विसरा. कोर्टाची तारीख असली की विद्यार्थी सकाळीच गाडीत. पोलीस बंदोबस्त मिळाला नाही तर तारीखही गेली आणि तासही गेला.

गोदाकाठची ताई, मी काही वर्षं समंत्रक (मुक्त विद्यापीठाचा शिकवणारा) म्हणून एका मध्यवर्ती कारागृहात जात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीपासून आहे का, तर आहे. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५चं, आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं, तुमच्याच गावचं. तिहारमध्ये इग्नूचं अभ्यासकेंद्र १९९४ साली सुरू झालं, नंतर देशभर पसरलं. महाराष्ट्रातल्या मोठ्या कारागृहांत दोन्ही विद्यापीठांची केंद्रं आहेत. इग्नू बंद्यांकडून फी घेत नाही. बारावी न झालेल्यांसाठी आधी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम असतो, तो पार केला की बी.ए.ला बसता येतं. स्वाध्यायाला काही गुण, बाकी सत्रअखेरीच्या परीक्षेला. परीक्षा आतच होते, पर्यवेक्षक बाहेरून येतात. पदवीवर नाव विद्यापीठाचं. आणि शिक्षाधीन बंद्याने शिक्षण पूर्ण केलं तर ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळते, म्हणजे शिक्षा तेवढी कमी होते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी रांग असते हे खरं. काही कलमांखाली शिक्षा झालेल्यांना माफी नाही, तेही रांगेत असतात, हेही खरं.

आता कागदावर जे नसतं ते. संध्याकाळी लवकर गिनती होते आणि बराकीला टाळं लागतं. जेवण त्याच्याही आधी वाटून झालेलं असतं. तिथून सकाळपर्यंत माणूस बराकीत. दिवा रात्रभर चालू, कारण पहाऱ्यावाल्याला आत दिसायला हवं. आपल्याला वाटतं, वा, अभ्यासाला किती वेळ! पण कोपऱ्यात टीव्ही, शेजारी कुणी भजन म्हणतंय, कुणी भांडतंय, आणि पाय लांब करायला जागा नाही. माझा एक विद्यार्थी बाजूच्या माणसाच्या पाठीवर वही टेकवून लिहायचा. त्या माणसाला ते चालायचं, कारण बदल्यात घरची पत्रं वाचून मिळायची.

एक गंमत सांगतो. पत्रलेखनाच्या स्वाध्यायात प्रश्न होता, ‘वरिष्ठांकडे रजेचा अर्ज लिहा’. सगळ्या वह्यांमध्ये संचित रजेचा अर्ज, म्हणजे शिक्षा चालू असताना बंद्याला काही दिवस घरी सोडतात त्या रजेचा. माननीय अधीक्षकसाहेबांना, नियमासकट, जामीनदाराच्या नावासकट, एकही चूक नाही. मायना, मजकूर, समारोप, सगळं जागच्या जागी. बाहेरच्या बी.ए.च्या वर्गात मी इतके नीट अर्ज कधी पाहिले नाहीत.

तुम्ही कुठे बसता? माझ्या मते तुम्ही पदवीच्या नादाला लागू नका. ते होतंय. होत नाही ते वही तपासून परत देणं. आमच्याकडे स्वाध्याय जमा व्हायचे, गुण चढवले जायचे, वह्या कपाटात जायच्या. विद्यार्थ्याला कळायचं फक्त पास की नापास. तुमच्या योजनेत मला आवडलं ते एवढंच वाक्य: ‘शेरे लिहून परत करायचा’.

रोखठोक_रवी

छान. फी माफ, राहणं माफ, जेवण माफ, वर शिक्षा माफ. माझा मुलगा खासगी कॉलेजात आहे, वर्षाची फी भरताना माझे डोळे पांढरे होतात. त्याला सांगू का, आधी एखादा दरोडा टाक म्हणून?

चिंचेचं_झाड

रवीकाका, पोराला विचारून बघा, अदलाबदल करतो का.

वकीलताई_ठाणे

खडू_डस्टर यांच्या प्रतिसादात एक शब्द पटकन निसटून जाईल म्हणून लिहिते: ‘शिक्षाधीन’.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२चा तुरुंगांचा अहवाल पाहा. देशात ५,७३,२२० बंदी, त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन. म्हणजे ७५.८ टक्के लोकांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूच झालेला नाही. यांना माफीचा प्रश्नच येत नाही, कारण शिक्षाच झालेली नाही. रवी, तुमच्या मुलाशी तुलना करताय ती या चारातल्या तीन माणसांशी. त्यातले बरेच निर्दोष सुटतील.

आणि नेमके हेच लोक अभ्यासक्रमांतून गळतात. तीन वर्षांच्या पदवीला नाव घालायचं कसं? उद्या जामीन झाला तर? दुसऱ्या कारागृहात हलवलं तर? माझ्या एका अशिलाची पुस्तकं एका जिल्ह्यात पोहोचली तेव्हा तो तिसऱ्या जिल्ह्यात होता. पुस्तकं परत गेली ‘सदर व्यक्ती येथे नाही’ म्हणून. पत्ता बरोबर होता, माणूसच हलवला होता.

त्यामुळे गोदाकाठची, तुमचा अभ्यासक्रम लहान असेल, एक धडा एका टपालात संपणारा असेल, तर तो न्यायाधीन बंद्यालाही घेता येईल. मधेच सुटला तर चांगलंच झालं, तीन धडे तर शिकून गेला.

मुळा_मुठा

वकीलताई, आत सगळ्यांना कायदाच शिकायचा असतो म्हणतात, खरं का?

वकीलताई_ठाणे

अगदी. पण एल.एल.बी. दूरशिक्षणाने करता येत नाही, बार कौन्सिल मानत नाही. वर्गात हजर राहावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जन्मठेपेच्या दोन बंद्यांना तुरुंगातून ऑनलाइन वर्गाला बसू दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका न्यायाधीन बंद्याला लॉ कॉलेजात प्रवेश घेऊ दिला. म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्र कोर्टात जायचं. जो कोर्टात जाऊ शकतो त्याला वकील परवडतो, आणि ज्याला वकील परवडतो त्याला कायदा शिकण्याची निकड तेवढी नसते. असा सगळा मामला आहे.

सांगलीकर_सुनंदा

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही.

माझ्या सख्ख्या मामाचा खून झाला. बांधाच्या भांडणातून. ज्याने केला तो गावातलाच. तो आत गेला, शिकला, पदवी घेतली, माफी मिळाली, बाहेर आला. गावच्या वाचनालयाने त्याचा सत्कार केला, नारळ, शाल, सगळं. मामी त्याच रस्त्याने दळण घेऊन येत होती.

मामाच्या दोन्ही मुलींची शाळा त्या वर्षी सुटली. थोरली चौदा वर्षांची होती. तिला कुणी टपालाने धडे पाठवले नाहीत. आज ती दुसऱ्यांच्या शेतात जाते.

मी असं म्हणत नाही की त्याला शिकवू नका. पण ‘समाजसेवा’ म्हणून तुम्ही पाकिटावर पत्ता लिहाल तेव्हा दुसरं पाकीट कुणाला जायला हवं होतं, ते मला इथे कुणीतरी सांगा.

टवाळ_तात्या

सुनंदाताई, नमस्कार. यावर माझ्याकडे विनोद नाही.

समतोल_समीर

सुनंदाताई, तुमचं दुःख समजू शकतो, पण आपण व्यापक दृष्टीने विचार केला तर सुधारणावादी दंडनीतीमध्ये पीडित आणि गुन्हेगार यांच्या हिताचा

समतोल_समीर

(अर्धवट पोस्ट झालं. पूर्ण करतो.)

चिंचेचं_झाड

नका करू.

रोखठोक_रवी

सुनंदाताईंनी लिहिलं तेच मला म्हणायचं होतं, मला नीट म्हणता आलं नाही.

नागपुरी_संत्रं

आमच्या नागपूरच्या कारागृहाची आठवण करून देतो. याकूब मेमनने तिथे बसून इग्नूच्या दोन एम.ए. पदव्या घेतल्या, एक इंग्रजीची, एक राज्यशास्त्राची. २०१५ मध्ये फाशी झाली. २०१८ मध्ये त्याच कारागृहातल्या गांधी विचार परीक्षेचा निकाल आला, त्यात अरुण गवळी ८० पैकी ७४ गुण मिळवून पहिला आला. पेपरात फोटोसकट बातमी. आता सांगा, गांधी कळले म्हणायचे का?

अडगळीतला_कंदील

आमच्या शाळेत मूल्यशिक्षणाला पहिला यायचा तो आज तलावात भराव टाकून बंगले बांधतो. परीक्षेचा आणि आचरणाचा संबंध बाहेर तरी कुठे दिसतो? पेपर सोडवून घेणं एवढंच परीक्षेचं काम.

इतिहास_घोकू

तुरुंग आणि विद्या हे नातं आपल्याकडे जुनं आहे. टिळक मंडालेत, विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते, श्रोते म्हणून इतर कैदी बसलेले. रॉबेन बेटावरचे राजकीय कैदी दक्षिण आफ्रिकेच्या युनिसा विद्यापीठातून टपालानेच शिकायचे. मंडेलांना एल.एल.बी. मिळाली १९८९ साली, तेव्हाही ते कैदेतच होते. आणि तिथे अभ्यास ही सवलत समजली जायची. साहेब रागावले की पहिला अभ्यास बंद.

अडगळीतला_कंदील

घोकूसाहेब, टिळकांना शिकवायला मंडालेला कोण जाणार होतं? ते शिकूनच गेले होते. इथे प्रश्न आहे तो सातवीत शाळा सोडलेल्याचा. राष्ट्रीय अहवालात निरक्षर आणि दहावीच्या आत शाळा सुटलेले मिळून निम्म्याहून जास्त निघतात. त्यांच्यापुढे गीतेचं भाष्य लिहिणाऱ्यांचा आदर्श ठेवायचा म्हणजे पोहायला न येणाऱ्याला इंग्लिश खाडीची हकिगत सांगायची.

इतिहास_घोकू

धुळ्याचे श्रोते विसरलात. त्यात साधी माणसंही होती.

संपादक_मंडळ

याकूब मेमन प्रकरणाच्या योग्यायोग्यतेवरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी जुना धागा आहे, तिथे जा. या धाग्याचा आखाडा करू नका.

लेस्टरवासी

इंग्लंडातून. इथे प्रिझनर्स एज्युकेशन ट्रस्ट नावाची संस्था आहे, सुरुवात १९८९ची, म्हणजे आपल्या मुक्त विद्यापीठाच्याच वयाची. तुरुंगातल्या लोकांना दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची फी ती संस्था देते. ओपन युनिव्हर्सिटी तर सत्तरच्या दशकापासून तुरुंगांत आहे. इंटरनेट नसल्यामुळे तुरुंगातल्या विद्यार्थ्याला छापील साहित्य पाठवतात.

पण इथेही मेख आहे. पदवीसाठीचं सरकारी कर्ज सुटकेला सहा वर्षं किंवा कमी उरली असतील तरच मिळतं. लांब शिक्षेवाल्याने सुरुवातीची वर्षं काय करायचं, हा प्रश्न तसाच. आपल्याकडे निदान जन्मठेपेवाल्याला पहिल्या वर्षापासून नाव घालता येतं, हे ऐकून इथले लोक चकित होतात.

माझी शेजारीण अशाच एका अभ्यासक्रमाच्या उत्तरपत्रिका तपासते. तिला विद्यार्थ्याने काय केलंय ते माहीत नसतं आणि विचारायचंही नसतं. तिने एकदा मला शेरे दाखवले होते (नाव झाकून). एका निबंधाच्या समासात तिने लिहिलं होतं, ‘हा मुद्दा मला पटला नाही, कारण...’ आणि पुढे पाऊण पान. विद्यार्थ्याने पुढच्या निबंधात त्याला दीड पान उत्तर दिलं होतं.

बे_एरिया_बंड्या

अमेरिकेत १९९४च्या गुन्हेविषयक कायद्याने कैद्यांची पेल ग्रँट बंद केली. ही गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत, रवीकाकांचाच मुद्दा तेव्हा तिथल्या संसदेत मांडला गेला होता. त्यानंतर तुरुंगांतली बहुतेक महाविद्यालयं बंद पडली. २०१५ पासून प्रयोग म्हणून थोडी परत आणली, २०२३च्या जुलैपासून पुन्हा सगळ्यांना खुली झाली. मधे २०१३ मध्ये रँड या संशोधन संस्थेचा अभ्यास आला. आत शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्यात सापडण्याची शक्यता ४३ टक्के कमी.

आकडेमोड

तो ४३ टक्क्यांचा आकडा सगळीकडे फेकला जातो. एक, तो ‘ऑड्स’चा (म्हणजे पुन्हा सापडणारे आणि न सापडणारे यांच्या गुणोत्तराचा) आकडा आहे, साध्या टक्केवारीचा नाही. सरळ फरक काढला तर तेरा टक्के-बिंदूंच्या आसपास येतो. तोही कमी नाही, पण ४३ नाही. दोन, जो वर्गाला नाव घालतो तो आधीच बदलायच्या मनःस्थितीत असण्याची शक्यता जास्त. त्या अभ्यासकांनीही याचा विचार केलाय, पण पूर्ण सुटलेला प्रश्न नाही. आणि तीन, टपालाने शिकणारा आणि वर्गात शिकणारा यांत फरक असणारच. अमेरिकेचा आकडा उचलून नाशिकरोडला लावू नये.

रोखठोक_रवी

+१. इतका वेळ कुणी बोललं का नाही?

आकडेमोड

रवी, मी तुमच्या बाजूने नाही. मी फक्त आकडा नीट वापरा म्हणतोय.

मीना_भायखळा

महिलांच्या बराकीबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. मी एका संस्थेतर्फे जाते, नाव देत नाही.

महिला कमी, त्यामुळे जे काही सुरू होतं ते आधी पुरुषांकडे. आमच्याकडे येतं ते शिवणकाम आणि मेंदी. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत आत राहू शकतात, त्यानंतर नातेवाईक किंवा बालगृह. एक बाई मला म्हणाली, मुलगी बाहेर गेली की पत्र पाठवेल, ते मला मॅडमकडून वाचून नाही घ्यायचं. तिला तेवढंच हवं होतं. अक्षरं शिकायची, ती मुलगी सहा वर्षांची व्हायच्या आत. एम.ए. बी.ए. राहू द्या.

टपालाने निरक्षर माणसाला शिकवता येत नाही हे मलाही कळतं. पण आत एखादी शिकलेली असते. तुमचे धडे ‘शिकवणारीसाठी’ असतील, म्हणजे ती शेजारणीला कसं शिकवेल याचे, तर तेही करून पाहा.

खडू_डस्टर

मीनाताई, हे मला सुचलं नव्हतं. बराकीत शिकलेला माणूस असतोच आणि त्याला कामही हवं असतं.

डाकबाबू

टपालखात्यातून निवृत्त. टपाल म्हटलं म्हणून राहवलं नाही. रजिस्टर करू म्हणाल तर ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, खर्चाचा अंदाज नव्याने घ्या. जबाबी पाकीट तिकीट लावून सोबत पाठवा, नाहीतर उत्तर येणार नाही, आत तिकिटं कुठून आणतील? आणि पाकिटं जाड नकोत. जाड पाकीट दिसलं की कोणीही उघडून बघतो, तुरुंग असो की आमचं सॉर्टिंग.

टवाळ_तात्या

कबुलीजबाब नोंदवून घेतला आहे.

एक_होता

हा धागा दोन दिवस वाचतोय. मी आत होतो. कशासाठी, कुठे, ते लिहिणार नाही. सुनंदाताई, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या प्रकरणातही दुसरी बाजू होती आणि तिला कुणी धडे पाठवले नाहीत.

बाकी विचारलंय त्याबद्दल लिहितो.

मी बारावी नापास गेलो आणि बी.ए. होऊन बाहेर आलो. नोकरी पदवीने मिळाली नाही. चारित्र्य पडताळणीचा कागद आला की मुलाखत संपते. आता मी चुलतभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशोब बघतो. तर पदवीचा उपयोग काय झाला? आत असताना झाला. मी बराकीचा अर्ज लिहिणारा झालो. रजेचे, बदलीचे, आजारपणाचे, वकील बदलायचे. लोक चहा देत. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याच्या नादी सहसा कुणी लागत नाही, कारण उद्या त्याच्याकडेच जायचं असतं.

टपालाबद्दल. आत येणारं प्रत्येक पत्र उघडून, वाचून मिळतं. त्याची सवय होते. तरी संध्याकाळी टाळं लागायच्या आधी नाव पुकारलं आणि हातात पाकीट आलं की अख्खी बराक बघते. कित्येकांना वर्षानुवर्षं कुणाचं पत्र येत नाही. त्यामुळे एक लक्षात ठेवा: सुरू केलंत तर मधे बंद करू नका. कितीजणांना जमेल तेवढ्यांनाच घ्या, दहा तर दहा. मला एका संस्थेने चित्रकलेचे धडे पाठवायला सुरुवात केली होती. चार आले, मग बंद. कुणी कळवलंही नाही. मी बरेच दिवस समजत होतो की माझं चित्र चुकलं.

आणखी. स्पायरलची वही पाठवू नका, तार काढून घेतात आणि पानं सुटी होतात. स्टेपल केलेलंही नको, दोऱ्याने शिवा. पेन्सिलीने लिहायची मुभा द्या. वही नेहमी मिळत नाही, म्हणून प्रत्येक धड्यासोबत उत्तरासाठी कोरे कागद ठेवा. आपल्या घरचा पत्ता देऊ नका, संस्थेचा किंवा पोस्ट बॉक्सचा द्या. यात राग मानण्यासारखं काही नाही, आम्हालाही ते समजतं. ‘तुम्ही इथे कसे आलात’ हा निबंधाचा विषय चुकूनही देऊ नका. ते आम्ही पोलिसांना, वकिलाला, कोर्टाला, गुरुजींना सांगून झालेलं असतं.

चिंचेचं_झाड

दादा, आत गुरुजी म्हणजे?

एक_होता

कारागृहात शिक्षकाचं पद असतं, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. सगळं त्यांच्यावर अवलंबून. चांगले गुरुजी असतील तर पाकीट त्याच दिवशी हातात. नसतील तर धडा दुसरा आधी येतो आणि पहिला नंतर.

रोखठोक_रवी

एक_होता, तुम्हाला एक विचारतो, राग मानू नका. ९० दिवस नसते मिळाले तरी शिकला असता?

एक_होता

पहिल्या वर्षी नसतो शिकलो. नाव माफीसाठीच घातलं होतं. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्राच्या पुस्तकात माझ्या गावासारख्या गावाबद्दल होतं, तिथून वाचायला लागलो. शेवटच्या वर्षी माफीचं डोक्यात नव्हतं असं म्हणणार नाही. दोन्ही होतं.

रोखठोक_रवी

ठीक. सरळ उत्तर दिलंत.

गोदाकाठची

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. शनिवारी सगळे छापून नेले. उठून गेलेले सर परत आले होते, पोह्यांसाठी म्हणाले.

सुनंदाताई, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचला. त्यावर चर्चा झाली नाही, बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सर म्हणाले की त्यांना बंद्यांना शिकवायचं नाही, पण पीडितांच्या घरची शाळा सुटलेली मुलं कुणी शोधून दिली तर दहावीची तयारी ते करून घेतील, टपालाने किंवा घरी जाऊन. तुमच्या मामेबहिणीचं वय आता काय असेल मला माहीत नाही. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं असेल तर निरोपातून कळवा. नसेल तर सोडून द्या.

आम्ही ठरवलंय ते असं: सहा धडे, दहा माणसं, विषय व्यवहारातलं गणित आणि अर्जलेखन. प्रमाणपत्र नाही. परवानगीसाठी कुणाकडे जायचं?

वकीलताई_ठाणे

अर्ज पुण्याला, अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक, कारागृह व सुधारसेवा यांच्या नावे, प्रत अधीक्षकांना. सोबत सहाही धडे जोडा, ‘नंतर सादर करू’ म्हणू नका, तिथेच अडतं. संस्था नोंदणीकृत नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेचं किंवा कॉलेजचं पत्र घ्या. आणि गुरुजींना आधी जाऊन भेटा.

प्रमाणपत्र नाही म्हणताय ते बरं. कोणी माफीसाठी येणार नाही आणि कोणाला न्यायाधीन म्हणून नाकारावं लागणार नाही.

सांगलीकर_सुनंदा

निरोप पाठवला आहे. ती हो म्हणेल असं वाटत नाही, पण विचारते.

गोदाकाठची

मिळाला. सरांना दिला.

गणिताच्या बाईंनी धड्यांची यादी केली आहे: शेकडेवारी, नफा-तोटा, क्षेत्रफळ, सरळव्याज, अर्ज, तक्रार. काही चुकतंय का?

एक_होता

नफा-तोटा काढा आणि चक्रवाढ व्याज घाला. वकिलाच्या फीसाठी घरच्यांनी सावकाराकडून, पतपेढीकडून उचललेलं असतं. मुलाखतीला, म्हणजे आत भेटायला, भाऊ येतो आणि सांगतो की इतके झाले, आणि आतल्या माणसाला ते खरं की खोटं कळत नाही. मी सर्वात जास्त वेळा लोकांना काय करून दिलं असेल तर हाच हिशोब. क्षेत्रफळ ठेवा, गुंठ्यात द्या. अर्ध्यांची भांडणं त्याचीच असतात.

खडू_डस्टर

आणि उदाहरणात ‘रामूने बँकेत पैसे ठेवले’ नको. रामूने उचलले.

गोदाकाठची

बाईंना कळवलं. शेकडा तीन दरमहा धरू का?

एक_होता

आमच्याकडे पाच होता.

मुळा_मुठा

धडा तयार झाला की इथेही टाका. मला गृहकर्जाचा हप्ता अजून कळलेला नाही आणि मी बाहेर आहे.